आजचे चिंतन : अध्याय १८, श्लोक ५९ ते ६३ (मंडालेतले टिळक आणि आपलं प्रारब्ध)



काल आपण अठराव्या अध्यायाच्या ५८ व्या श्लोकाशी थांबलो होतो. आज १ ऑगस्ट, लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी, आणि आजच्या वाट्याला नेमके ५९ ते ६३ हे पाच श्लोक आले. मी काही जुळवून आणलेलं नाही हं. रोज चार-पाच श्लोक घ्यायचे या आपल्या नेमाने चालत चालत इथे पोचलो.

आधी भावार्थ बघू. भगवंत अर्जुनाला सांगतात की मी लढणार नाही असं तू अहंकाराने ठरवलंस तरी तो निश्चय फुकट आहे, तुझी प्रकृतीच तुला लढायला लावील. मोहापायी जे तू टाळू पाहतोस, तेच तू आपल्या स्वभावाने बांधलेला असल्यामुळे परवश होऊन करशील. ईश्वर सगळ्या प्राण्यांच्या हृदयात राहतो आणि यंत्रावर बसवल्यासारखं त्यांना आपल्या मायेने फिरवतो. त्यालाच सर्व भावाने शरण जा, म्हणजे शांती मिळेल. आणि एवढं सांगून झाल्यावर ६३ व्या श्लोकात म्हणतात की हे गुह्याहून गुह्य ज्ञान मी तुला सांगितलं, आता याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसं कर.

वाचताना इथे ठेच लागायला हवी. मला तर कित्येक वर्षं लागलीच नव्हती, पाठ केलेलं होतं ना, सरसर पुढे जायचं. दोन श्लोकांपूर्वी आपण यंत्रावर बसवलेली बाहुली होतो आणि आता म्हणतात हवं तसं कर! बाहुलीला कोणी असं सांगतं का?

ही शंका मला स्वतःहून आलेली नाही. आमच्या गुरुवारच्या वाचनाला एक वहिनी येतात. त्यांचा धाकटा दीर दारू पितो. दोनदा सोडली, दोनदा परत धरली. आता कोणी समजवायला गेलं की तो म्हणतो, माझ्या प्रारब्धातच आहे ते, त्याला कोण काय करणार. त्यात भर म्हणून वहिनींचा कॉलेजात जाणारा मुलगा काकाची बाजू घेतो. लिबेट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना सांगितलं, वाटेल तेव्हा मनगट हलवा आणि हलवावंसं केव्हा वाटलं ती वेळ लक्षात ठेवा. तर आता हलवावं असं जाणवायच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत हालचाल सुरू झालेली दिसली. म्हणजे ठरवणारे आपण नव्हेच, असं मुलाचं म्हणणं. वहिनींनी मला विचारलं, मग मी दिराला बोलू की नको? जे त्याच्या हातात नाही त्याबद्दल बोलणं हा अन्याय होईल का? मला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. गीता शिकवायला बसते आणि एवढं सांगता येत नाही, याची लाजही वाटली.

म्हणून आज टिळकांचं चरित्र. सगळं नाही, ते आपण शाळेत भाषणासाठी पाठ केलेलं आहे. या एका प्रश्नाच्या धाग्याने जेवढं येईल तेवढंच.

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६, रत्नागिरीचा. वडील गंगाधरपंत शिक्षक, संस्कृतचे जाणकार. आई पार्वतीबाई लहानपणीच गेल्या. शेंगांच्या टरफलांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. ती घडली तशीच घडली का, देव जाणे. पण महाराष्ट्राने ती इतकी जपली याचं कारण उघड आहे. जे मी केलं नाही त्याचा दंड मी भरणार नाही, एवढा साधा हिशेब त्यात आहे. त्याची दुसरी बाजू आपण भाषणात सांगत नाही. जे मी केलं, त्याचा दंड मात्र माझाच.

१८७२ साली गंगाधरपंत शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले. सोळा वर्षांच्या बाळकडे काम आलं ते वडिलांना गीतेवरची भाषाविवृति नावाची प्राकृत टीका वाचून दाखवण्याचं. गीतेशी त्यांची ही पहिली गाठ. तेव्हा सगळं कळलं नाही, हे त्यांनीच पुढे गीतारहस्याच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं आहे. पण एक शंका मनात बसली ती बसलीच. लढाईला उभ्या असलेल्या माणसाला लढायला लावण्यासाठी सांगितलेल्या ग्रंथात ब्रह्मज्ञान आणि भक्ती यांनी मोक्ष कसा मिळतो, याचाच एवढा विस्तार कशाला? त्या वर्षीच वडील गेले. शंका पुढे जवळजवळ चाळीस वर्षं पोरक्या मुलासारखी त्यांच्या मागे हिंडत राहिली.

डेक्कन कॉलेजात गेले तेव्हा अंगाने किरकोळ होते. पहिलं वर्ष त्यांनी अभ्यास बाजूला ठेवून तालीम आणि पोहणं यांत घालवलं. घरच्यांना काय वाटलं असेल! पण हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे सुताराची हत्यारं येणार आहेत तिथे लागेल. मग गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए., नंतर कायद्याची पदवी, १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा.

१८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. कसली जोडी ती! एकाची वेदांवर श्रद्धा, दुसरा मिल आणि स्पेन्सर वाचून बुद्धीपलीकडे काही न मानणारा. पुढे दोघांचं फाटलं, फार कडवटपणे फाटलं. पण गीतारहस्यात टिळक जेव्हा मिल, स्पेन्सर यांना समोर बसवून त्यांचं म्हणणं नीट मांडतात आणि मगच खोडतात, तेव्हा मला आगरकर आठवतात. विरोधकाचं म्हणणं त्याच्याइतकंच चांगलं मांडायची सवय कुठेतरी मित्राशी वाद घालूनच लागते.

टिळकांची सगळीच मतं मला पटतात असं समजू नका. संमतिवयाच्या वादात त्यांनी जी बाजू घेतली ती मला आजही खुपते. सरकारने आपल्या घरात हात घालू नये हा त्यांचा मुद्दा होता हे कळतं, पण ज्या मुलींचा प्रश्न होता त्यांच्या हातात काय होतं? आत्म्याच्या स्वातंत्र्याबद्दल बोलताना हे विसरून चालणार नाही, म्हणून लिहिलं.

१८९७ मध्ये राजद्रोहाचा पहिला खटला, अठरा महिन्यांची सक्तमजुरी. १९०३ मध्ये थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगने गेला. हे मी एका ओळीत लिहिते आहे, पण ज्याच्या घरात तरणं पोर गेलंय त्याला या ओळीचं वजन कळेल. अशा वेळी प्रारब्ध या शब्दाशिवाय हाताशी दुसरं काय असतं? टिळकही तो शब्द मानत होते. फक्त तो कुठे लावायचा, यावर त्यांचं म्हणणं वेगळं होतं.

आता १९०८. मुझफ्फरपूरला बाँब पडला, त्यावर केसरीत लेख आले. त्यातल्या एका लेखाचं नावच देशाचे दुर्दैव असं होतं. २४ जूनला मुंबईत अटक झाली. जुलैत खटला उभा राहिला तो न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर. हेच दावर १८९७ मध्ये वकील म्हणून टिळकांच्या बाजूने उभे राहिले होते. योगायोग म्हणा, दैव म्हणा. टिळकांनी स्वतःचा बचाव स्वतःच केला, एकवीस तासांच्या वर बोलले. २२ जुलैला रात्री ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं. काही सांगायचं आहे का, असं विचारलं तेव्हा टिळक जे थोडं बोलले ते मुंबई उच्च न्यायालयात संगमरवरावर कोरलेलं आहे. त्याचा आशय असा की ज्यूरीने काही म्हटलं तरी मी निर्दोष आहे. जगाचं चालणं ज्या शक्तींच्या हाती आहे त्या न्यायालयाहून वरच्या आहेत. आणि मी मोकळा राहण्यापेक्षा माझ्या कष्टांनीच माझ्या कार्याची भरभराट व्हावी अशी ईश्वराची योजना असेल. सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड झाला. दुसऱ्या दिवशी त्यांचा वाढदिवस होता, बावन्न पूर्ण झाली. गिरणी कामगारांनी एका वर्षाला एक याप्रमाणे सहा दिवस संप केला.

इथे जरा थांबा. सगळं वरच्या शक्तीच्या हाती आहे असं भर कोर्टात म्हणणारा हा माणूस त्याआधी सहा दिवस घसा कोरडा पडेपर्यंत कायद्याचा कीस काढत होता. आणि शिक्षेनंतर हातावर हात ठेवून बसला नाही, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली. तिथेही यश आलं नाही. वहिनींचा दीर असता तर म्हणाला असता, वरचाच ठरवतो तर वकिली कशाला? टिळकांना या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात असं वाटतच नव्हतं. का वाटत नव्हतं, हे त्यांनी मंडालेला लिहून ठेवलं.

सप्टेंबरात त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात नेलं. काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेत बदलली होती. लाकडी बांधणीची खोली, उन्हाळ्यात भाजून काढणारी, थंडीत वारा आत घेणारी. मधुमेहाचा त्रास, त्यामुळे खाण्यापिण्यावर बंधनं. वर्तमानपत्र मिळत नसे. पुस्तकं मिळत, ती हळूहळू शेकड्यांनी जमली. या वयात बसून ते जर्मन आणि फ्रेंच शिकले. काही अटी मान्य केल्या तर लवकर सुटका होऊ शकेल, असं बोलणं बाहेरून आलं तेव्हा त्यांनी ते नाकारलं. तशा अटींवर बाहेर येऊन जगणं म्हणजे जिवंतपणी मेल्यासारखं, असं त्यांना वाटत होतं.

शके १८३२ च्या कार्तिक शुद्ध प्रतिपदेला त्यांनी गीतारहस्य लिहायला घेतलं आणि फाल्गुन वद्य अमावास्येला संपवलं. इंग्रजी तारखांनी २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११, म्हणजे पाच महिने. शाई नाही, पेन्सिल. बांधीव वह्या, पानं मोजून दिलेली. त्या ग्रंथाच्या दहाव्या प्रकरणाचं नाव आहे कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य. कुलूपबंद खोलीत पेन्सिलीने लिहिलेलं स्वातंत्र्यावरचं प्रकरण!

या प्रश्नावर पश्चिमेकडेही फार जुनं भांडण आहे. एक पक्ष म्हणतो की प्रत्येक गोष्टीला आधीचं कारण असतं, आपल्या इच्छेलाही असतं, तेव्हा स्वातंत्र्य हा भास आहे. दुसरा पक्ष समेटाचा. अठराव्या शतकातला स्कॉटलंडचा डेव्हिड ह्यूम त्यातला मोठा माणूस. तो म्हणतो, कारण असेना का! आपल्या इच्छेप्रमाणे वागता आलं, कोणी हात धरला नाही, म्हणजे माणूस स्वतंत्र. जो बेड्या घालून तुरुंगात पडलेला नाही त्या प्रत्येकाला हे स्वातंत्र्य आहेच. व्यवहाराला हे छान चालतं. कोणी पिस्तूल लावून सही घेतली तर ती माझी नाही, मी राजीखुशीने केली तर माझी. कोर्टंही साधारण याच मापाने चालतात.

पण हे माप मंडालेला लावून बघा. टिळक तर तुरुंगात. ह्यूमच्या हिशेबाने ज्याला स्वातंत्र्य नाही असा जो अपवाद, तोच हा माणूस. आणि वहिनींच्या दिराला लावून बघा. त्याच्या हातापायात बेड्या नाहीत, गुत्त्यावर तो स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या इच्छेने जातो, म्हणजे तो स्वतंत्र! कुठेतरी चुकतंय, नाही का? आपल्याला आतून कळतं की खोलीत बसून लिहिणारा जास्त मोकळा आहे आणि बाटलीकडे जाणारा बांधलेला आहे. दिराची इच्छाच त्याची बेडी आहे.

टिळकांनी नेमकं इथे बोट ठेवलं. इच्छास्वातंत्र्य हा शब्दच त्यांना वेदान्ताच्या दृष्टीने बरोबर वाटत नाही. इच्छा हा मनाचा धर्म. मन, बुद्धी, इंद्रियं ही सगळी प्रकृतीची लेकरं, आणि प्रकृती कर्माच्या नियमाने बांधलेली. म्हणून इच्छा स्वतंत्र नाहीच, हे ते सरळ कबूल करतात. वहिनींचा मुलगा जे सांगतो त्यातलं पुष्कळसं टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी मान्य करून टाकलेलं आहे. मनगट हलवण्याची इच्छा मेंदूत आधी शिजते म्हणता? शिजू द्या, मेंदूही प्रकृतीतलाच.

मग स्वातंत्र्य कोणाचं? आत्म्याचं. देहात जो आत्मा आहे तो परमात्म्याचाच अंश, आणि परमात्मा कर्माच्या कायद्याबाहेर. हा अंश देहाच्या उपाधीत सापडला तरी आतून त्याचा रेटा सुटण्याच्या दिशेनेच असतो. मनाला, बुद्धीला तो एका बाजूला ओढत राहतो. म्हणून टिळक आत्मस्वातंत्र्य किंवा प्रवृत्तिस्वातंत्र्य हे शब्द पसंत करतात. कान्ट आणि ग्रीन यांनी आपल्या वाटेने जे म्हटलं ते याच्या जवळ येतं, हेही ते दाखवतात.

पण आत्मा स्वतंत्र म्हणजे माणूस उद्या सकाळी उठून वाटेल ते करू शकेल असं नाही. इथे सुतार येतो. वेदान्तसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात सुताराचा दृष्टांत आहे. सुतार कुशल असला तरी त्याला हत्यारं लागतात. रंधा बोथट असेल तर आधी रंध्याला धार लावण्यात वेळ जाणार. तसं आत्म्याला काम करून घ्यायचं ते देह, इंद्रियं, बुद्धी याच हत्यारांकडून. ती बिघडलेली असतील तर आधी ती नीट करायची, आणि त्याला दिवस लागतात, कधी जन्म लागतात. तालमीत घालवलेलं ते कॉलेजचं वर्ष आठवा. सहाव्या अध्यायातला पाचवा श्लोक, आपणच आपला उद्धार करायचा आणि आपणच आपले वैरी किंवा मित्र, तो इथे बसतो. आणि दुसऱ्या अध्यायातला चाळिसावा, थोडंसं केलेलंही वाया जात नाही, तोही.

प्रारब्धाचं काय? आपण सर्रास संचित, प्रारब्ध, क्रियमाण असे तीन भाग सांगतो. टिळकांना ही तिहेरी वाटणी पसंत नाही. वेदान्तसूत्रांना धरून ते दोनच भाग करतात. ज्याचं फळ भोगायला सुरुवात झाली ते आरब्धकार्य, आणि ज्याची अजून सुरुवात झाली नाही ते अनारब्धकार्य. सुटलेला बाण परत येत नाही, हा जुन्या आचार्यांचा दाखला. सुरू झालेलं भोगूनच संपवायचं. पण भात्यातले बाकी बाण सुटलेले नाहीत. त्यांचं काय होणार हे ज्ञानावर आणि त्यासाठी केलेल्या धडपडीवर आहे.

मी हे वाचलं तेव्हा मला वहिनींच्या दिराचं वाक्य वेगळं दिसायला लागलं. वीस वर्षं प्यायला त्याचं यकृत बिघडलं, हा सुटलेला बाण. संध्याकाळी सात वाजता जीव तळमळतो, हाही सुटलेला बाण, त्याबद्दल त्याला टोचून बोलण्यात अर्थ नाही. पण उद्या संध्याकाळी साडेसहाला तो कुठे बसलेला असेल, हा बाण अजून भात्यात आहे. तिसऱ्या अध्यायात ३३ आणि ३४ हे श्लोक असेच जोडीने आले आहेत. आधी म्हणतात, ज्ञानी माणूसही आपल्या स्वभावाप्रमाणेच वागतो, निग्रह काय करणार? आणि लगेच म्हणतात, इंद्रियांच्या आवडीनिवडींच्या ताब्यात जाऊ नकोस. आवड येणं आणि ताब्यात जाणं यांत इतकीशी फट आहे. गंमत म्हणजे लिबेटनेही शेवटी काहीसं असंच मानलं होतं. इच्छा आपोआप उठली तरी तिला नाही म्हणायला क्षणभर अवकाश राहतो, असं त्याचं मत होतं. मुलाने ते पुढचं वाचलेलं नसावं.

गाठ पूर्ण सुटली असं मात्र मी म्हणणार नाही. संशय घेणारा विचारील की आत्म्याचा रेटा सगळ्यांत सारखा, तर एकाची बुद्धी त्याचं ऐकते आणि दुसऱ्याची ऐकत नाही असं का? मागच्या कर्मामुळे म्हणावं तर परत तेच चक्र, कारण कर्म अनादि. टिळक इथे अनादि या शब्दाशी थांबतात. मीही तिथेच थांबते. छत्तिसाव्या श्लोकात अर्जुनाने विचारलंच आहे की इच्छा नसताना, कोणी जबरदस्तीने ढकलावं तसा माणूस पाप का करतो? अर्जुनालाही हे कोडं पडलं होतं, मग आपण कोण!

परत मंडालेला. ७ जून १९१२ ला पुण्यात सत्यभामाबाई वारल्या. टिळकांना तार गेली. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली होती, आणि शेवटची चार वर्षं भेट नाही. त्यांनी घरी जे पत्र पाठवलं त्यात कबूल केलं की संकटं शांतपणे घ्यायची मला सवय आहे, पण या बातमीने मी हादरलो. नवऱ्याआधी बायकोने जाणं आपल्यात वाईट मानत नाहीत, पण अशा वेळी आपण तिच्याजवळ नव्हतो, याचं त्यांना सगळ्यात जास्त दुःख होतं. हे व्हायचंच होतं, याची भीती कायम होती आणि ते झालं, अशा अर्थाचंही त्यात आहे. आणि त्याच पत्रात मुलांचा अभ्यास थांबू देऊ नका, हेही.

आत्मस्वातंत्र्याचं प्रकरण लिहून वर्ष उलटून गेलं होतं तेव्हा. व्हायचंच होतं हे शब्द त्या प्रकरणाच्या विरुद्ध जातात का? मी हे पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मला तसं दिसलं नाही. बायकोचं जाणं हा सुटलेला बाण, तिथे त्यांनी प्रारब्ध म्हटलं. मुलांचा अभ्यास सुटलेला नव्हता, तिथे सूचना दिल्या. एकाच कागदावर दोन्ही. आपलं मात्र नेमकं उलटं होतं. झालेल्या गोष्टीवर आपण असं केलं असतं तर, तसं केलं असतं तर, म्हणून रात्री जागवतो आणि उद्याच्या गोष्टीला नशीब म्हणतो. माझंही होतं. यजमान गेले तेव्हा दवाखाना बदलायला हवा होता म्हणून मी दोन वर्षं स्वतःला खात बसले, आणि त्याच दोन वर्षांत माझ्या गुडघ्यांचा व्यायाम मात्र नशिबावर सोडला होता!

जून १९१४ मध्ये मध्यरात्री त्यांना पुण्यात आणून गायकवाड वाड्याशी सोडलं. हस्तलिखित लगेच हाती आलं नाही, सरकार ते परत देतं की नाही अशी लोकांना धास्ती होती. वह्या गेल्या तरी ग्रंथ डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढीन, असं टिळकांनी तेव्हा म्हटल्याचं सांगतात. तशी वेळ आली नाही. वह्या परत मिळाल्या आणि १९१५ मध्ये गीतारहस्य छापून बाहेर आलं. पुढे होमरूलची चळवळ, लखनौ करार, विलायतेत चिरोलवर केलेला अब्रूनुकसानीचा दावा. तो ते १९१९ मध्ये हरले आणि कर्जात बुडाले. हरण्याची शक्यता त्यांच्यासारख्या वकिलाला दिसत नसेल असं नाही. फळ हातात नाही, हे सत्तेचाळिसाव्या श्लोकावर पानंच्या पानं लिहिणाऱ्याला वेगळं सांगायला नको होतं.

१ ऑगस्ट १९२० च्या पहाटेपूर्वीच मुंबईत सरदारगृहात ते गेले. वय चौसष्ट. वडिलांच्या उशाशी वाचलेल्या भाषाविवृतीला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती.

आता आजच्या श्लोकांकडे. यंत्रावर बसवलेला तो आणि हवं तसं कर म्हटलेला तो, हे दोघं एकच की वेगळे, हे टिळकांचं वाचून झाल्यावर ६१ आणि ६३ पुन्हा एकदा लागोपाठ म्हणून बघा. मधला ६२ वा श्लोक गाळू नका. यंत्र फिरवणारा हृदयातच बसला आहे असं म्हटलंय, आणि शरण जायचं ते त्यालाच. तो बाहेरचा कोणी असता तर शरण जाणं ही गुलामी झाली असती. आणि त्यापुढे विचार कर असं सांगितलंय, तेही पूर्ण विचार कर. यंत्राला विचार करायला कोणी सांगत नाही.

वहिनींना मी दहावं प्रकरण वाचायला दिलं. भाषा जड आहे, म्हणून सुताराचं आणि आरब्ध-अनारब्धाचं पान दुमडून दिलं. त्या म्हणाल्या, रविवारी दीर जेवायला येणार आहे, सातच्या आत बोलावलाय. काय बोलणार ते मी विचारलं नाही.

उद्या ६४ आणि ६५ हे दोन श्लोक घेऊ. ज्यांच्याकडे ज्ञानेश्वरी आहे त्यांनी त्यावरच्या ओव्या आधी वाचून ठेवा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥